पाळी जाण्याआधीची वर्षे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ४६ वर्षे असून फोंडा तालुक्यातील एका गावात मी प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या दीड वर्षापासून माझ्या पाळीला काही नेम राहिलेला नाही. कधी विसाव्या दिवशी येते, तर कधी दोन-दोन महिने पत्ता नसतो. यंदा चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, अडचण नको म्हणून मी औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून घेतल्या. विसर्जनानंतर त्या थांबवल्या आणि पुढे ११ दिवस अंगावरून जात राहिले, गाठीही पडल्या. रात्री दोन-अडीचच्या सुमारास मानेपासून वर आग उसळल्यासारखी होते, छाती धडधडते, गाऊन पिळून काढावा इतका घाम येतो आणि लगेच थंडी वाजते. हृदयाचा त्रास असेल म्हणून ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला. तेथील डॉक्टरांनी ‘वय झाले, होणारच’ एवढेच सांगितले. मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलाच्या हातून पाण्याची बाटली सांडली, तेव्हा मी त्याच्यावर इतकी ओरडले की नंतर शिक्षकांच्या खोलीत बसून रडले. रोजच्या मुलांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असले काही नव्हते. यजमान म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. हा हृदयाचा आजार आहे, मनाचा आहे, की माझे डोके फिरत चालले आहे? मी कोणाकडे जावे?
(एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : तुमचे डोके ठिकाणावर आहे. ज्या क्रमाने आणि जितक्या नेमकेपणाने तुम्ही पत्र लिहिले आहे, तेवढे बोलणे जरी बाह्यरुग्ण विभागात कोणी ऐकून घेतले असते, तरी निदानाची दिशा तेथेच मिळाली असती. तुमच्या वर्णनावरून हा पेरिमेनोपॉजचा, म्हणजे पाळी कायमची जाण्याआधीच्या संक्रमणाचा काळ दिसतो. सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असे म्हणतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे साधारण ४६-४७ च्या आसपास घडते आणि त्याच्या आधीची काही वर्षे, बहुतेकींच्या बाबतीत चार-पाच, अशी उलथापालथीची जातात. ‘वय झाले’ हे वाक्य खोटे नाही. पण चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे झाले तर आपण चष्मा करून घेतो, वय झाले म्हणून चाचपडत बसत नाही.

आता शरीरात काय चालले आहे ते पाहू. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हॉर्मोन) हळूहळू ओसरत जाते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते पावसाळ्याच्या तोंडच्या समुद्रासारखे वरखाली होत राहते. काही महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग एकदाच मोठ्या प्रमाणात, गाठींसह निघून जाते. मेंदूतील ज्या केंद्राकडे शरीराचे तापमान सांभाळण्याचे काम असते, ते इस्ट्रोजेनच्या चढउतारामुळे हळवे होते. एरवी ज्या किंचित उष्णतेकडे त्याने दुर्लक्ष केले असते, तिलाच ते मोठा ताप समजते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावते, हृदयाची गती वाढवते आणि घाम सोडते. धडधड, घाम आणि मागून येणारी थंडी हे एकाच घटनेचे तीन भाग आहेत. त्यात आपल्याकडची दमट हवा अशी की आलेला घाम वाळत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये हा त्रास दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ईसीजी काढलात ते योग्यच केले. मात्र चढ चढताना किंवा कामाच्या श्रमाने छातीत दुखू लागले, धाप लागली, घेरी येऊन पडलात, तर ते पाळीच्या खात्यावर टाकू नका. पुन्हा तपासून घ्या.

विस्मरण आणि चिडचिड यांचा बराचसा उगम मोडलेल्या झोपेत असतो. रात्री तीनदा उठून कपडे बदलणारी स्त्री सकाळी तीस मुलांच्या वर्गात उभी राहते, तेव्हा सांडलेली बाटली हे निमित्त ठरते. पण सगळे झोपेवर ढकलून चालणार नाही. या वर्षांत नैराश्याचे प्रमाण वाढते, आणि ज्यांना बाळंतपणानंतर किंवा दर पाळीआधी मनाचा त्रास झाला होता त्यांना ते अधिक गाठते. दोन आठवडे सतत उदास वाटले, आवडत्या कामात मन लागेना, तर तोही उपचाराचा विषय आहे. बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत, म्हणजे आयपीएचबीत, त्यासाठी जाता येते. घराबाहेर पडणे जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क चालू असतो. जगणे नकोसे वाटू लागले तर त्याच दिवशी.

तुमच्या पत्रात मला सर्वांत आधी हाताळावीशी वाटलेली गोष्ट तुम्ही मध्येच एका वाक्यात सांगून टाकली आहे : ते ११ दिवस. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात या गोळ्यांचा खप का वाढतो हे मला ठाऊक आहे. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधायची, पाच प्रकारच्या भाज्या करायच्या, घरात पाहुणे, आणि त्यात पाळी आली तर घरातल्या कर्त्या बाईनेच बाजूला बसायचे. त्या रूढीविषयी माझे मत वेगळे आहे, ते येथे मांडत नाही. परंतु या गोळ्यांत बहुधा नोरेथिस्टेरॉन असते, ते थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतेच, आणि तुमचे अस्तर आधीच वाढलेले असणार, म्हणून इतके गेले. शिवाय या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि मोठ्या मात्रेत पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतो. वजन जास्त असेल, घरात कोणाला गुठळी झाली असेल, तर तो अधिक. अनियमित रक्तस्रावाचे कारण कळलेले नसताना ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पुढच्या चवथीला हवीच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला.

तासाला एक पॅड भिजू लागले, पाळीचा स्राव सात दिवसांहून जास्त चालू राहिला, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर थांबू नये. तुमची हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि पोटाची सोनोग्राफी व्हायला हवी, आणि पंचेचाळिशीनंतर असा स्राव झाल्यावर अस्तराचा नमुना तपासायला सांगितले तर घाबरून नकार देऊ नका. कर्करोग असेलच असे त्यामागे गृहीत नसते. तो नाही हे पक्के करायचे असते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर धडधड, थकवा आणि लक्ष न लागणे यांचा मोठा वाटा रक्तक्षयाचा निघू शकतो, आणि थायरॉइडचा बिघाड तर घाम, धडधड, चिडचिड या सगळ्यांची हुबेहूब नक्कल करतो.

कोणाकडे जावे, असे तुम्ही विचारले आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेता येईल. स्त्रीरोगतज्ज्ञासाठी फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि गरज पडल्यास तेथून गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, पाठवतील. पण कोठे जाता यापेक्षा काय घेऊन जाता याला मी जास्त महत्त्व देते. ‘अशक्तपणा वाटतो, झोप येत नाही’ एवढे सांगून बाहेर आलेल्या बाईच्या हातात टॉनिकची बाटली आणि झोपेची गोळी पडते. म्हणून ज्या कॅलेंडरवर दूध आणि सिलिंडरची नोंद करता, त्याच्यावरच दोन महिने पाळीचे दिवस लिहा, किती पॅड लागले ते लिहा, रात्री कितीदा उठलात त्याच्या रेघा ओढा. त्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि खुर्चीत बसल्याबरोबर पहिल्या वाक्यात सांगा : ‘मला पाळी जाण्याआधीचा त्रास होत आहे असे वाटते, आणि त्यातला सर्वांत वाईट त्रास हा आहे.’ काल-परवा एक बाई अशी पाने घेऊन आली होती. एका मंगळवारखाली तिने पेन्सिलने पाच रेघा ओढल्या होत्या आणि पुढे लिहिले होते, ‘उशी बदलली’. मला आणखी काही विचारावे लागले नाही. पहिल्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवले, तर दुसऱ्यांकडे जाण्यात त्यांचा अपमान होत नाही.

उपचारांविषयी. घामाच्या लाटांवर सर्वांत परिणामकारक उपाय संप्रेरक उपचार हाच आहे. त्याची भीती २००२ साली अमेरिकेतील ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांपासून रुजली. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षे होऊन गेली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास आणि मनाई करणारे काही कारण नसल्यास, बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा अधिक होतो, असे आज मानले जाते. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते. एकट्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढून कर्करोगाची शक्यता निर्माण होते. दोन्ही मिळून वर्षानुवर्षे घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, हेही लपवू नये. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलने गुठळीचा धोका तोंडी गोळीसारखा वाढत नाही. स्तनाचा कर्करोग, गुठळी किंवा यकृताचा गंभीर आजार होऊन गेलेल्यांना आणि रक्तस्रावाचे कारण अजून न सापडलेल्यांना हा उपचार चालत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत आधी तपासणी आणि मग जेल. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे आहेत, आणि विचार व वर्तन बदलण्याच्या मानसोपचार पद्धतीनेही झोप सुधारते.

अतिरक्तस्रावासाठी पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक आम्ल घेता येते, किंवा संप्रेरक सोडणारी तांबी गर्भाशयात बसवतात, जी पाच वर्षे काम करते. ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला पहिल्या भेटीत मिळाला तर मात्र दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. पिशवीसोबत अंडकोशही काढले तर आजच्या लाटा एका रात्रीत कितीतरी पट वाढतात, हे आपल्याकडे आधी सांगितलेच जाते असे नाही.

घरच्या घरी करायचे थोडके आहे. सुती कपडे, पंखा, उशाशी पाण्याचा तांब्या, संध्याकाळनंतर चहा बंद. ताटात तारल्यांसारखे काट्यासकट खाता येणारे मासे, नाचणीचे तिजाण, तीळ असू द्यावे, कारण पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने झिजतात आणि तेव्हा दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गरज सांगितली जाते. मोबाइलवर फिरणारे बिननावाचे काढे आणि चूर्णे यांच्यावर पैसे घालवू नका. त्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

सासूबाईंना एकदा निवांत वेळी विचारून पाहा, की त्या वयात त्या रात्री उठून सोप्यावर जाऊन का बसत असत.

प्रश्न : माझी पत्नी ४९ वर्षांची आहे. वर्षभर ती जवळ येऊ देत नाही. विचारले की रागावते. पाळी चार-चार महिने येत नाही. तिला कसे समजवावे?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : समजावू नका, दुखते का, एवढे विचारा. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंध वेदनेचा होतो, लघवीला वारंवार जावे लागते, जळजळ होते. ही गोष्ट सांगायला संकोच वाटतो आणि तो संकोच रागाच्या रूपाने बाहेर पडतो. पाण्यावर आधारित वंगण औषधाच्या दुकानात मिळते. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल वापरू नका, त्याने रबर खराब होते. कोरडेपणासाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम अतिशय कमी मात्रेचे असते आणि ते बऱ्याच जणींना चालते. ते स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहून द्यावे. पत्नीसोबत तुम्हीही जा, पण आत ती एकटी बोलू इच्छित असेल तर बाहेरच्या बाकावर बसा. आणखी एक : पाळी लांबली म्हणजे गर्भधारणेची शक्यता संपली असे नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढे दोन वर्षे, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

प्रश्न : वय ४८. घाम, झोप न येणे, पाळी अनियमित. प्रयोगशाळेतून ‘हॉर्मोन पॅकेज’ करून घेतले; एफएसएच (बीजकोशाला चालना देणारे संप्रेरक) नॉर्मल आले, म्हणून हा पाळी जाण्याचा त्रास नाही असे सांगण्यात आले. मग हे काय आहे?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा तेच आहे. या काळात एफएसएच आज वर तर पुढच्या महिन्यात खाली असते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. पंचेचाळिशीनंतर लक्षणे आणि पाळीचा बदललेला क्रम यांवरूनच निदान करतात; त्यासाठी रक्ताची ही तपासणी लागत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबू लागली तर मात्र ती आवर्जून, आणि एकदा नव्हे तर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. पुढच्या वेळी त्या पॅकेजऐवजी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि तो अहवाल स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.