मोटाउन या अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे वाजवणारे वादक कोण होते? त्यांची नावं रेकॉर्डवर का नसत? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

नावं आधी सांगून टाकतो. डेट्रॉइटची ही मंडळी म्हणजे 'फंक ब्रदर्स'. ड्रमवर बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस, जो मेसिना, बेस गिटारवर जेम्स जेमरसन. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे, पुढे गळा कोणाचाही असो, मागे हात बहुतेकदा यांचेच.

आता फक्त जेमरसनबद्दल बोलतो, कारण मी स्वतः बेसवाला.

१९९४च्या गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम सांगली जिल्ह्यातल्या एका गावात होता. निवेदकाने गायक, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, अगदी साउंडवाल्याचंही नाव घेतलं. माझं राहिलं. मध्यंतरात चहा पिता पिता मेव्हणा म्हणतो, "दाजी, तुमचं ते वाजतं तरी का? आम्हाला काय ऐकू येईना." डोकंच फिरलं. मध्यंतरानंतरच्या पहिल्याच गाण्यात अंतऱ्याला मी हात काढून घेतला. म्हटलं, आता कोसळू दे गाणं.

कोणाला काही कळलं नाही. शिट्ट्या तशाच चालू. फक्त ऑक्टोपॅडवाल्याने मान वळवून बघितलं. पण नंतर सामान आवरताना गायक म्हणाला, त्या गाण्यात घसा धरल्यासारखा झाला होता. घसा कसला धरतोय! पायाखालची फळी काढली होती मी. मेव्हण्याला हे अजून पटलेलं नाही.

जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा, आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. फोर टॉप्सचं १९६७चं 'बर्नाडेट' ऐका, बेस गायकाशी वाद घालतोय असं वाटतं. कव्हरवर त्याचं नाव यायला मात्र १९७१ उजाडलं, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. पुढच्याच वर्षी कंपनीने बाडबिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला आणि बरेचसे वादक मागे राहिले. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा सोहळा झाला, तेव्हा हा माणूस स्वतः तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच ऑगस्टमध्ये गेला, ४७ वर्षांचा. अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला आठवण झाली २००० साली.

नावं का नसत? माझं सरळ मत: नाव छापलं की माणसाचा भाव वाढतो, तो मालकाला नको असतो. हेच वादक चोरून बाहेरही वाजवत. जॅकी विल्सनचं 'हायर अँड हायर' शिकागोत झालं, त्यात हेच होते. आता न्यायाने बोलायचं तर त्या काळी इतर कंपन्याही साथीदारांची नावं क्वचितच छापत, आणि मोटाउनचा पगार दर आठवड्याला हातात पडायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात तोही नव्हता. शिवाय सोल, म्हणजे मोटाउनच्या या गाण्यांचा संगीतप्रकार, फक्त डेट्रॉइटचा नव्हे. मेम्फिसमध्ये बुकर टी. आणि एम.जी.ज हे स्टॅक्स कंपनीचे साथीदार स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढत होते.

सुरुवात टेम्प्टेशन्सच्या 'माय गर्ल'पासून करा, पण हेडफोन लावून. आधी एकटा बेस येतो, मग रॉबर्ट व्हाइटची गिटार. मोबाईलच्या स्पीकरवर लावलंत तर गाणं जवळजवळ गिटारपासूनच सुरू झाल्यासारखं वाटेल. मेव्हणा सगळं मोबाईलवरच ऐकतो.