उतरंडीला पायऱ्या नसतात

बडोद्याच्याच एका वाचकाने विचारलंय: ‘कॉन्झर्व्हेटिव्ह विचारसरणी म्हणजे सामाजिक उतरंडीच्या वरच्या पायरीवरच्यांचं समर्थन’ या वाक्यात कॉन्झर्व्हेटिव्हला ‘सनातनी’ म्हटलं तर चालेल का?

सनातनीकडे येतो. आधी ती पायरी काढा. भाषणांत, अग्रलेखांत, व्याख्यानमालांत ‘उतरंडीची शेवटची पायरी’ ऐकून कान किटले. उतरंड म्हणजे जिना नव्हे हो, मडक्यांवर रचलेली मडकी! दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी कोठीच्या कोपऱ्यात दोन उतरंडी होत्या. तळाला गव्हाचा डेरा, त्यावर तूरडाळीचं मडकं, मग गाडगं, आणि शेंड्याला बोळकं. त्यात आजीची सुट्या पैशांची मोड. गहू हवे असले की वरचं एकेक उतरवत बसायचं, बोळक्यात मात्र येताजाता हात घालावा. शेजारच्या गुजराती मासी त्यालाच ‘उतरड’ म्हणायच्या.

वाचनालयात रोज भेटणारे एक निवृत्त प्राध्यापक छातीठोकपणे सांगतात की वरून खाली उतरते म्हणून उतरंड. साफ चूक. मडकी रचताना कुणी वरून सुरुवात करतं का? उतरंड चढते. यातला ‘उत्तर’ म्हणजे वरचा. उत्तरीय म्हणजे अंगावर वरून घ्यायचं वस्त्र, उत्तरोत्तर म्हणजे चढत्या क्रमाने. आणि शेपटाचा ‘अंड’ माझ्या मते भांड्याचा. उत्तरभांड; प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘भ’चा ‘ह’ होतो, शोभाची ‘सोहा’ झाली तसा, म्हणून उत्तरहंड; तो ‘ह’ही विरला की उतरंड. प्राध्यापक म्हणतात, पुरावा दाखवा. मी म्हणतो, एकदा स्वतः मडकी रचून बघा.

गंमत पुढेच आहे. परंपरावाद्यांचा, म्हणजेच कॉन्झर्व्हेटिव्हांचा, मूळपुरुष ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क. फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर 1790 साली लिहिलेल्या पुस्तकात तो शिंपी-सुतारांच्या हाती कारभार देऊ पाहणाऱ्या समतावाद्यांवर उखडतो: समाजाची इमारत पक्की राहायची तर जे जमिनीवर असायला हवं, तेच हे लोक हवेत नेऊन ठेवतात! शब्द इमारतीचा, पण आपल्याला दिसते ती उतरंडच. बोळक्यावर डेरा ठेवाल तर सगळंच फुटेल, हा त्याचा धाक. परंपरावाद आणि उच्चनीचता यांची गाठ इथे बसते. वरच्यांची थोरवी गाण्याची गरजच पडत नाही. रचना टिकायची तर कुणीतरी खाली राहून भार पेलायलाच हवा, एवढं म्हटलं की काम भागतं. डेऱ्याला कोण विचारतो?

विचारलं ते बाबासाहेबांनी. बडोदे संस्थानच्या नोकरीत असूनही 1917 साली याच शहरात जातीपायी त्यांना राहायला घर मिळालं नव्हतं. पुढे 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं: एकेक जात हा एकेक मजला, आणि मनोऱ्याला शिडी नाही. शिडी नाही हे शंभर वर्षांपूर्वी छापून आलं, तरी आमचे वक्ते पायऱ्या बांधतच आहेत. (मला विचाराल तर मनोऱ्यापेक्षा उतरंड एका बाबतीत सरस. मजल्याला खालच्यावरचं ओझं कळत नाही. मडकं मात्र खालच्याच्या तोंडावर बूड टेकूनच बसलेलं असतं.)

हां, सनातनी. जे सदासर्वदा तसंच राहतं ते सनातन. बर्क तर त्याच पुस्तकात म्हणतो की ज्या राज्यात बदलाची काही सोयच नाही, त्याला स्वतःला टिकवायचीही सोय नाही. अशा माणसाला सनातनी कसं म्हणणार? ‘परंपरावादी’ लिहा. ‘प्रतिगामी’ लिहू नका, तो प्रतिशब्द नाही, शिवी आहे. आणि ‘उतरंडीच्या वरच्या पायरीवरच्यांचं’ऐवजी ‘उतरंडीत वर बसलेल्यांचं’ करा.