घराशेजारी कुत्र्यांचं शेल्टर आहे, रात्रभर भुंकणं चालतं, झोप होत नाही. घर बदलावं का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. "तक्रार केली तर लोक म्हणतात, मुक्या जिवांची तुम्हाला दया नाही." हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकलंय, तेही भाच्याच्या मुंजीत, पंगत बसलेली असताना, चार लोकांत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी स्पष्ट सांगतो. रात्रीची झोप मागणं म्हणजे प्राण्यांचा द्वेष करणं नव्हे. जे कुत्रं रात्रभर भुंकतंय ते स्वतःही झोपलेलं नसतं. दया शिकवायला येणाऱ्यांनी आधी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आम्ही मूळचे बडोद्यातल्या दांडिया बाजारातले. वाडा विकला, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि मी शहराबाहेर हायवेच्या बाजूला नव्या सोसायटीत घर घेतलं. मागच्या कंपाउंडला लागून एका ट्रस्टचं शेल्टर. सुरुवातीला तिथे जखमी गाई, गाढवं, उत्तरायणात मांज्याने कापलेली कबुतरं आणि घारी असायच्या. कसला त्रास नव्हता. मग कुत्र्यांसाठी पत्र्याची मोठी शेड उभी राहिली आणि सगळं पालटलं. शेल्टर आधी आलं की तुम्ही आधी आलात, हा वाद घालायला लोकांना फार आवडतं. रात्री दोन वाजता त्या वादाचा काडीचा उपयोग नसतो.

त्याच सुमारास आई आमच्याकडे राहायला आली. तिला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता, झोप सांभाळा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भुंकणं सुरू झालं की ती दचकून उठायची आणि मला हाक मारायची, "अरे, दाराशी कोणी आलंय का बघ." कुत्रं भुंकलं म्हणजे दाराशी माणूस आहे, हे वाड्यात जन्म काढलेल्या बाईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिला समजवायचं, पाणी द्यायचं, पांघरूण घालायचं, तोवर पुढची फेरी सुरू. सकाळी सात वाजता मला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शिफ्टला हजर व्हायचं असायचं.

साडू राहतात अलकापुरीत, बंगल्यात. त्याच शेल्टरला देणगी देतात, आणि दर रविवारी मुलांना घेऊन बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे. त्यांना मी आईचं सांगितलं होतं. पंगतीत तेच त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "यांना कुत्र्यांचा आवाज सोसवत नाही, दया म्हणून नाही." ते मला लागलं, आजही लागतं.

माझं आयुष्य गेलंय कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये. कॉम्प्रेसर, ब्लोअर, जनरेटर यांच्या आवाजाशी आमचा रोजचा संबंध. तिथे पहिला धडा हाच असतो की आवाज तीन ठिकाणी अडवता येतो: जिथून निघतो तिथे, ज्या वाटेने येतो तिथे आणि ज्या कानावर पडतो तिथे. कानाशी अडवणं सगळ्यात कमी गुणाचं. आणि लोक सुरुवात नेमकी तिथूनच करतात. जाड पडदे घेतात (त्यांनी जवळपास काही होत नाही), कंपाउंडला अशोकाची झाडं लावतात (आवाजाला झाडांची एक ओळ अडवत नाही, नुसतं दिसेनासं होतं), कानात बोळे घालतात. आईला कानात बोळे कसे घालणार? हाक मारली तर ऐकू यायला नको?

म्हणून मी एका रात्री अकराच्या पुढे शेल्टरच्या फाटकाशी गेलो. वॉचमन दाहोदकडचा, भला माणूस. आधी त्याला वाटलं मी भांडायला आलोय. मी म्हटलं, आत जाऊन फक्त बघू दे, पाहिजे तर तूही सोबत थांब.

शेड बघताक्षणी अर्धा उलगडा झाला. समोरासमोर पिंजऱ्यांच्या दोन ओळी, मध्ये बोळ. खाली कोबा, वर पत्रा, तीन बाजूंना प्लास्टर केलेली भिंत आणि चौथी बाजू, म्हणजे आमच्या खिडक्यांकडची, नुसती जाळी. आवाज मऊ पडायला आत कुठे जागाच नव्हती, सगळा गोळा होऊन एकाच तोंडातून बाहेर, आमच्याकडे. अशा बंदिस्त शेडमध्ये सगळी कुत्री एकदम भुंकली की आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, आमच्या प्रेस शॉपमध्ये एवढ्या आवाजात कानाला मफ लावल्याशिवाय उभं राहू देत नाहीत. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४०,००० च्याही पुढे. त्या जनावरांचे हाल काय होत असतील याचा विचार करा.

उरलेला उलगडा जाळीच्या टोकाच्या पिंजऱ्यात झाला. तिथे एक तांबूस कुत्री होती. कानाला नसबंदीचा काप, आणि नाकावरची कातडी जाळीला घासून घासून सोललेली, ओली लाल. तिच्या जागेवरून फाटकातून रस्ता दिसायचा, शिवाय फाटकावरचा दिवा असा लावलेला की रस्त्याने जाणाऱ्याची लांब सावली थेट तिच्या पिंजऱ्यापर्यंत यायची. बाइक गेली की ती भुंकायची, लगेच समोरची दोन, मग सगळी शेड. एक गप्प झाली तरी समोरच्याला भुंकताना बघून पुन्हा सुरू. मी वॉचमनकडून एक गोणपाट मागून घेतलं आणि तिच्या जाळीवर टांगलं. पुढची बाइक गेली. ती गुरगुरली, कान टवकारले, भुंकली नाही. समोरची पण नाहीत. वॉचमन माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजर बेनना भेटलो. त्या ताठ होत्या, कारण सोसायटीतून तोवर जो कोणी गेला तो ओरडूनच आला होता. मी कागदावर शेडचं चित्र काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाई, सगळं पटतंय, पण लोक आम्हाला खाण्याला पैसे देतात, औषधाला देतात. भिंतीला कोण देणार?" खरं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष नोटिसच पाठवू म्हणत होते, एकजण तर रात्री फटाके लावू म्हणाला. मी उभा राहून विचारलं, गरब्याची आणि गणपतीची वर्गणी उरते, ती कशाला ठेवलीय? बराच गोंधळ झाला. शेवटी पैसे मिळाले.

काम असं केलं. जाळीपासून दोनेक फूट सोडून ब्लॉकची उंच भिंत, म्हणजे आवाज अडतो आणि वरून, बाजूने वारा खेळतो. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, शेड बंद करणं म्हणजे कुत्री मारणं, हे विसरू नका. समोरासमोरच्या पिंजऱ्यांना कुत्र्याच्या डोक्याच्या वर जाईल एवढ्या उंचीपर्यंत सिमेंटशीट, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. पत्र्याखाली आवाज शोषणारी रॉकवूलची पॅडं, कापडात शिवून, कुत्र्यांचं तोंड पोचणार नाही अशी. फाटकाच्या दिव्याचं तोंड फिरवलं. तांबूस कुत्रीला मागच्या पिंजऱ्यात हलवलं, तिचं नाक नंतर भरून आलं. संध्याकाळचं खाणं लवकर आणि त्यानंतर अंगणात मोकळं सोडणं, हे बेननी स्वतःहून सुरू केलं. रिकाम्या पोटी आणि दिवसभर कोंडलेलं कुत्रं रात्री गप्प बसत नाही, हे कोणालाही कळेल.

भुंकणं थांबलं नाही, थांबणारही नाही. पालिकेची कुत्र्यांची गाडी पहाटे आली की अजून सगळी शेड उठते, दिवाळीत फटाक्यांनी हाल होतात. पण मध्यरात्रीची ती एकामागून एक पेटणारी रांग बंद झाली. आई पुढे शेवटपर्यंत आमच्याकडेच होती आणि झोपायची.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्याकडे पिंजरे कसे आहेत, उघडी बाजू कुठली, भुंकणं सुरू कोण करतं, हे रात्री जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तोवर एक पैसा खर्च करू नका. खिडकी बदलायचीच असेल तर काचेच्या जाडीआधी फटी बघा. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांच्या खोबणीतून सगळा आवाज आत येतो. रबर लावून घट्ट मिटणारी, दारासारखी उघडणारी खिडकी आणि लॅमिनेटेड काच, हे भुंकण्यावर चांगलं चालतं, कारण भुंकणं मधल्या पट्टीतलं असतं. ट्रकच्या घरघरीवर तितकं चालत नाही. पलंग शेल्टरपासून लांबच्या खोलीत न्या. पंखा किंवा कूलर चालू ठेवला की मधूनच होणारा आवाज कमी टोचतो, कारण शांततेत अचानक आलेला आवाजच माणसाला उठवतो.

कायद्याचं विचारलंत म्हणून. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सहा, ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कायमचा उपद्रव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३) कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण अर्जात "कुत्री हटवा" लिहू नका, तिथेच बाजू पडते. प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम, आधीचे २००१ चे आणि आताचे २०२३ चे, नसबंदी आणि लस झालेलं रस्त्यावरचं कुत्रं उचललं तिथेच परत सोडायला सांगतात. "भिंत बांधा, रचना बदला, रात्री माणूस ठेवा" असं लिहा. असली मागणी नाकारायला समोरच्याला तोंड उरत नाही. आणि हे प्रश्न वाढणार आहेत. सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री शेल्टरमध्ये हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. ती सगळी कुठेतरी ठेवावी लागणार, आणि त्या कुठेतरीच्या शेजारी तुमच्या-आमच्यासारखी माणसं राहत असणार. शेडचा नकाशा पास करतानाच आवाजाचा विचार झाला पाहिजे, हे आत्ताच मोठ्याने बोलायला हवं.

साडूंचं राहिलं. भिंतीचं कळल्यावर ते म्हणाले, "एवढ्या पैशात कुत्र्यांना महिनाभर दूध मिळालं असतं." ती भिंत कुत्र्यांसाठीच आहे, साडूभाऊ. कातडी सोललेलं नाक बिस्किटाने बरं होत नाही. बेननी पुढे रविवारचं सगळ्यांना आत सोडणं बंद केलं, कारण अनोळखी माणसं, पोरांचा आरडाओरडा आणि पुड्यांचा वास यांनी कुत्री रात्रीपर्यंत बिथरलेली असायची. देणगी ऑफिसात द्या, असा बोर्ड लावला. त्याचा राग साडूंनी माझ्यावर धरला. दिवाळीला त्यांच्याकडून फोन येतो तो आमच्या हिला, माझी चौकशी नसते. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: आठवड्यातून एक तास येऊन जनावराला कुरवाळणाऱ्यापेक्षा त्याच्याशेजारी रोज राहणाऱ्याला त्याचं दुःख जास्त ऐकू येतं.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्याकडच्या शेडमध्ये पिंजरे होते. तुमच्याकडे कुत्री मोकळ्या आवारात असतील तर कंपाउंडची जाळी खालून झाकणं आणि रस्ता दिसेनासा करणं एवढंच पहिल्यांदा करता येईल. आणि दगड, फटाके, विष यांच्या जवळही जाऊ नका. नीच काम आहे, शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ दोन्ही लागू होऊ शकतात, आणि मग तुमच्या खऱ्या तक्रारीलाही कोणी विचारत नाही.

घर बदलायचं की नाही? स्वतःचं असेल तर वर सांगितलेलं करून बघितल्याशिवाय नको. भाड्याचं असेल आणि घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर भिंतीची वाट बघत बसू नका, बदला. फक्त नवं घर दलाल दाखवेल तेव्हा दुपारी बघून विसार देऊ नका, रात्री अकरानंतर एकदा त्या खिडकीशी उभे राहून या.