वाचकांचे प्रश्न : खडकातून पाण्यात, पाण्यातून दाण्यात

या महिन्यात आलेली तीन पत्रे तीन वेगळ्या प्रदेशांतली असली, तरी त्यांतील शंका मुळात एकच आहे. एखादे मूलद्रव्य खडकात किंवा मातीत किती आहे हे कळले, तरी ते पाण्यात किंवा पिकात किती उतरेल हे त्यावरून का सांगता येत नाही? म्हणून तिन्ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचे गाव पांढरकवड्याजवळ आहे. जुन्या विहिरीचे पाणी जड आहे. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेसही येत नाही. बोअरचे पाणी चवीला गोड, डाळ लवकर शिजते, म्हणून सारे गाव तेच पिते. आता तपासणीत बोअरच्या पाण्यात लिटरमागे २.८ मिलिग्रॅम आणि विहिरीच्या पाण्यात ०.६ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. चांगल्या पाण्यातच दोष कसा? उकळून प्यायले तर चालेल का?

उत्तर : आपण डाळीचा उल्लेख केलात, हे फार बरे झाले, कारण डाळ न शिजणे आणि फ्लोराइड कमी असणे या दोन्हींच्या मागे एकच कारण आहे, आणि ते म्हणजे कॅल्शियम.

फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, काळा अभ्रक अशा खनिजांत फ्लोराइड असते आणि पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना त्यातले थोडे विरघळवून घेते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते फ्लोराइडशी संयोग पावून जवळजवळ न विरघळणारा कॅल्शियम फ्लोराइड तयार करते, आणि त्यामुळे पाण्यातील फ्लोराइडला आपोआप मर्यादा पडते. आपल्या विहिरीत हेच घडत आहे. बोअरचे खोलवरचे पाणी मात्र खडकात वर्षानुवर्षे मुरलेले असते. तेवढ्या काळात त्यातील कॅल्शियमचा काही भाग चुनखडी होऊन बसतो, काही भाग चिकणमातीच्या कणांवर जाऊन चिकटतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात येतो. पाणी मऊ होते, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) वाढतो, फेस चांगला येतो, डाळ शिजते. आणि फ्लोराइडला धरून ठेवणारे कोणी उरले नसल्याने ते पाण्यातच राहते. विम्लधर्मी पाण्यातील हायड्रॉक्साइड मातीच्या कणांवर बसलेल्या फ्लोराइडची जागा घेते, त्यामुळे तेही सुटून पाण्यात येते. प्रत्येक मऊ पाण्यात फ्लोराइड असतेच असे नाही, परंतु यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत जिभेला आवडणाऱ्या पाण्याचीच आधी तपासणी करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. आपल्या बोअरचा आकडा त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. एका गावच्या शाळेत मी मुलांचे दात पाहत होतो, तेव्हा दोन सख्खी भावंडे शेजारी उभी राहिली. थोरल्याचे दात स्वच्छ होते. धाकटीच्या दातांवर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या आडव्या रेघा होत्या आणि पुढच्या दोन दातांवर त्या तपकिरी होऊ लागल्या होत्या. घर एक, जेवण एक. फरक इतकाच, की धाकटीच्या जन्माच्या सुमारास दारात हापसा आला होता. दातांवरचे कवच हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असते, आणि त्या काळात पडलेला डाग पुढे पाणी बदलले तरी पुसला जात नाही. हाडांवरचा परिणाम उशिरा दिसतो आणि त्याहून क्लेशदायक असतो.

उकळण्याने काहीही साधत नाही. उकळताना वाफ निघून जाते आणि फ्लोराइड मागे राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. साध्या कँडल फिल्टरनेही ते जात नाही. आपण पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी विहिरीकडे परतावे, मात्र विहीर उघडी असल्याने त्या पाण्यात क्लोरीन घालूनच ते वापरावे. डाळीसाठी छपरावरचे पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम. बोअर धुण्याभांड्यांना ठेवावी. ज्या गावाला विहीरच नाही, तेथे नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत किंवा सक्रिय अ‍ॅल्युमिनाचे गाळणयंत्र उपयोगी पडते. नालगोंडा पद्धतीत तळाशी बसणाऱ्या गाळात काढलेले सारे फ्लोराइड एकवटलेले असते, आणि तो गाळ पाणवठ्याजवळ ओतला तर पहिल्या पावसात ते पुन्हा मातीत उतरते. मूलद्रव्य नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. गाळाची विल्हेवाट लावताना याचा विसर पडलेला मी पाहिला आहे, म्हणून हे लिहिले.

प्रश्न : माझी सोलापूर जिल्ह्यात भारी काळी जमीन आहे. माती परीक्षणात जस्त ०.४ आले आणि कमतरता आहे असा शेरा आला. उसावर केवडाही पडतो. काळ्या मातीच्या खडकात लोह आणि जस्त भरपूर असते असे वाचले होते. मग अहवाल चुकला का?

उत्तर : अहवाल बरोबर आहे आणि आपण वाचलेलेही बरोबर आहे. बेसाल्ट या काळ्या खडकापासून झालेल्या मातीच्या एका किलोत एकूण जस्त अनेकदा पन्नास मिलिग्रॅमच्या वर असते. प्रयोगशाळा मात्र ते सारे मोजत नाही. ती डीटीपीए नावाच्या द्रावणात सुटून येणारे, म्हणजे पिकाच्या मुळांना मिळू शकेल असे जस्त मोजते, आणि त्याची किमान मर्यादा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम धरली जाते. बाकीचे जस्त खनिजांत, चुनखडीच्या कणांवर आणि लोहाच्या ऑक्साइडवर बांधलेले असते. सामू एका अंकाने वाढला की जस्ताची विद्राव्यता सुमारे शंभरपटीने घटते, हे लक्षात घेतले म्हणजे ८.३ सामूच्या चुनखडीयुक्त जमिनीत पीक उपाशी का राहते ते समजते. केवड्याची गोष्टही तशीच आहे. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, ती लोहाची उपासमार असते, आणि मुळाभोवतीच्या मातीत लोह किलोमागे कित्येक ग्रॅम असते.

म्हणून नुसते खत टाकून भागत नाही. ते बांधले जाणार नाही अशा रीतीने द्यावे लागते. हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावे. शेणखतातील सेंद्रिय आम्ले जस्ताला आपल्यात धरून ठेवतात आणि चुनखडीच्या हाती लागू देत नाहीत. स्फुरदयुक्त खतात ते मिसळू नये. केवड्यासाठी फेरस सल्फेटची फवारणी करावी, कारण पानावर दिलेल्या लोहाला मातीतून जावे लागत नाही.

मात्र आपल्या जमिनीच्या याच स्वभावाचा एक लाभही आहे. शहराच्या सांडपाण्याबरोबर शिसे किंवा कॅडमियम आले, तर चुनखडीयुक्त काळी माती त्यांनाही बरीच घट्ट धरते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत तेवढेच कॅडमियम पडले तर ते अधिक सहजपणे पिकात जाईल.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही पश्चिम बंगालमध्ये नदिया जिल्ह्यात राहतो. कूपनलिकेचे पाणी येते तेव्हा काचेसारखे नितळ असते, पण बादलीत तासाभरात तांबूस होते. शेजारी म्हणतात, हेच आर्सेनिक. इथे तर जवळपास कारखाना नाही. मग ते आले कोठून? आणि इथला तांदूळ खावा का?

उत्तर : तो तांबूस रंग आर्सेनिकचा नाही, लोहाचा आहे, आर्सेनिकला रंग, चव, वास काहीच नसते. तरीही शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, कारण बंगालच्या भूजलात ही दोन मूलद्रव्ये एकाच वाटेने येतात.

हिमालयातून वाहत आलेल्या वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि त्या थराला आर्सेनिक चिकटलेले असते. गंज टिकून आहे तोवर ते तेथेच राहते. परंतु त्रिभुज प्रदेशात वाळूबरोबर वनस्पतींचे अवशेषही गाडले गेले. ते कुजताना प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव श्वसनासाठी गंजातील लोहच वापरू लागतात, थर विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. कारखाना नसतानाही हे घडते. अतिसारापासून लोकांना वाचवण्यासाठी तळ्यांऐवजी कूपनलिका देण्यात आल्या, आणि त्यांतील अनेक नेमक्या याच उथळ थरांत उतरल्या. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी तळहातांवर खडबडीत गाठी आणि अंगावर ठिपके असलेले रुग्ण ओळखले, तेव्हा याचा उलगडा होऊ लागला. प्राणवायू पोहोचणाऱ्या उघड्या विहिरींत आणि दीडशे मीटरपलीकडच्या जुन्या थरांत आर्सेनिक बहुधा कमी असते. दोन शेजारच्या नळ्यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून शेजाऱ्याचा अहवाल आपल्याला लागू पडत नाही.

तांदळाबाबत सांगायचे, तर पाणी साचलेल्या खाचरातही प्राणवायू संपतो आणि आर्सेनिक सुटून मुळांतून दाण्यात जाते. कॅडमियमचे वागणे याच्या उलट आहे. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतील कॅडमियम भातशेतीत आले आणि हाडे ठिसूळ करणारा, वेदनांच्या आक्रोशावरून ‘इताई-इताई’ नाव पडलेला रोग झाला. जपान सरकारने १९६८ मध्ये त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. खाचरात पाणी असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते आणि पाणी काढून शेत वाळवले की सुटते. म्हणजे एका विषासाठी शेत कोरडे ठेवावे लागते, तर दुसऱ्यासाठी भिजलेले. आपण तांदूळ सोडण्याची गरज नाही. तो चांगल्या पाण्यात धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून भात वेळून घ्यावा, म्हणजे पेजेबरोबर आर्सेनिकचा बराच भाग निघून जातो. अर्थात वेळण्यासाठी वापरलेले पाणी आर्सेनिकमुक्त असले पाहिजे.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे शंभर लिटर पाण्यात केवळ एक मिलिग्रॅम. इतके सूक्ष्म मोजायचे असल्याने नमुना घेण्याची पद्धत सांभाळावी. पंप काही मिनिटे चालवून मग प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरावे आणि त्यांनी दिलेले आम्ल तेथल्या तेथे घालावे. आम्ल न घालता बाटली दोन दिवस तशीच राहिली, तर आपल्या बादलीत होते तेच बाटलीतही होते. लोह गंजून खाली बसते, जाताना आर्सेनिकला बरोबर घेऊन जाते, आणि वरच्या नितळ पाण्याचा अहवाल निर्दोष येतो.