जाता जाता एक विचारू?

माणूस पाऊण तास झोपेबद्दल बोलतो, साहेबांबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो. मग पर्स उचलतो, चपलेत पाय घालतो आणि दाराशी थांबून म्हणतो, "मॅडम, जाता जाता एक विचारू?" समुपदेशनाच्या बावीस वर्षांच्या अनुभवानंतर मी घड्याळाकडे बघणं तिथे सोडून देते, कारण खरं काम बहुतेक तिथूनच सुरू होतं.

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या माझ्या खोलीत या दाराशी थांबलेल्या प्रश्नांत अलीकडे एक मांजर वारंवार येतं. शेजाऱ्यांचं. "नावाला त्यांचं आहे हो, दिवसभर आमच्याकडेच पडलेलं असतं. त्यांना काही पडलेली नाही. ठेवून घेतलं तर काय बिघडलं?" विचारणारी माणसं वेगवेगळी, वाक्य मात्र जवळजवळ हेच. म्हणून एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. तिला वैशाली म्हणू.

वय अठ्ठेचाळीस, पतसंस्थेत हिशेब सांभाळते, कर्वेनगरला पहिल्या मजल्यावर एकटी राहते. तक्रार झोपेची. अर्धांगाच्या झटक्यानंतर आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आई गेली त्याला वर्ष झालं, तरी वैशाली दोन वाजता टक्क जागी होते. आणि दोन वाजता पार्किंगच्या पत्र्यावरून तिच्या बाल्कनीच्या ग्रिलमध्ये एक सोनेरी मांजर येऊन बसतं. शेजारच्या बंगल्यात तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचं. दोघंही हिंजवडीला नोकरीला, येण्याजाण्याच्या वेळा चमत्कारिक. वैशालीने मांजराचं नाव सोनी ठेवलं होतं. स्वयंपाकघरात आईचा सुकटीचा डबा ती गेल्यापासून न उघडता पडून होता, तो सोनीसाठी उघडला.

"घरी ठेवून घेऊ का?" हे पहिल्याच भेटीत, अर्थात दाराशी.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. माझे यजमान वकील आहेत. त्यांनी एकदा सांगितलेलं उदाहरण मी मोठ्या हौसेने वैशालीला ऐकवलं. १८६० च्या दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली, म्हणजे ३७८ खाली, एक उदाहरण दिलेलं आहे : एकाने खिशात कुत्र्यासाठी आमिष ठेवलं आणि दुसऱ्याचा कुत्रा त्यामागे चालायला लागला. हेतू अप्रामाणिक असेल, तर कुत्र्याने पहिलं पाऊल टाकलं की चोरी पुरी झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीचं कलम ३०३ झालं, पण पाळलेला प्राणी हा कुणाच्या तरी ताब्यातला असतो, हे तत्त्व तेच. मला वाटलं, सुकटीचा डबा आणि खिशातलं आमिष यांचं नातं तिला आपोआप दिसेल.

तिला दिसलं ते वेगळंच. "म्हणजे मी चोर?"

त्यानंतरच्या एका भेटीत ती फक्त पगारवाढीबद्दल बोलली. कायदा खरा असला तरी दुखऱ्या माणसासमोर तो वेळेआधी काढायचा नसतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. स्वतः मात्र विसरले.

चौथ्या भेटीत मी मांजराचा विषय काढलाच नाही. तिनेच काढला. "तुम्हाला वाटतं ते लोक चांगले आहेत. मला माहितीय ना, दिवस दिवस घराबाहेर असतात. सोनी भुकेली येते माझ्याकडे."

"त्यांना कधी विचारलंत?"

"काय विचारायचं? ज्याला काळजी असते तो आपणहून येतो."

"आले नाहीत कधी?"

ती गप्प. मग तिने पर्सची आतली चेन उघडली, पतसंस्थेच्या पासबुकामागून एक कागदाची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. बोटभर रुंद, वर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली, एका टोकाला नखं कापायच्या कात्रीने कापल्याची तिरकी खूण. मांजराच्या गळ्यातल्या पट्ट्याला गुंडाळलेली होती. तिने तीन आठवड्यांपूर्वी कापून काढली होती आणि तेव्हापासून ती तिच्याजवळ होती. घरात नव्हे, पर्समध्ये.

"वाचता?" मी म्हटलं.

तिने वाचलं, "मी उपचार घेतेय. कृपया मला खायला देऊ नका." खाली मोबाइल नंबर होता.

मी पट्टी माझ्याकडे वळवली. निळ्या जेल पेनाने, नीट सुटी अक्षरं काढलेली. "वैशालीताई, पुन्हा एकदा वाचा. पहिलं वाक्य."

"मी उपचार घे..." ती थांबली. पट्टी डोळ्यांजवळ नेली. "घेतोय."

"घेतोय," मी म्हटलं.

"तो बोका आहे?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं ही माझी एक जमेची बाजू आहे, असं माझे सहकारी म्हणतात. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. सात महिने ते मांजर तिच्या मांडीवर झोपलं होतं आणि ते काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी तिने वीसेक वेळा तरी वाचली असणार, दर वेळी "घेतेय". तिला वाचायचं होतं तेच तिचे डोळे वाचत होते.

मग ती बोलली, आणि मांजराबद्दल नाही. "जो करतो त्याचंच असायला पाहिजे ना, मॅडम? नुसतं नावावर असून काय उपयोग? सहा वर्षं मी केलं. भाऊ दिवाळीला यायचा, पेढे घेऊन. पेपरात दिलं तेव्हा काय छापलं माहितीय? पश्चात मुलगा, सून, नातवंडे आणि मुलगी असा परिवार. शेवटी मुलगी. नातवंडांच्यासुद्धा नंतर."

मी ज्या विचारधारेत तयार झाले ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, १९५५ पासूनची. मी ती कधीच पेशंटसमोर उच्चारत नाही. तिचं सार आपल्या आजीलाही कळेल इतकं साधं आहे : घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट माणसाला जास्त पोळतो. मराठीत तर हा हट्ट पकडणं फारच सोपं. वाक्यातला 'च' ऐकायचा. "माझी व्हावी" यात इच्छा आहे, "माझीच व्हायला पाहिजे" यात खटला आहे. वैशाली भावाविरुद्धचा खटला शेजारच्या जोडप्याविरुद्ध लढत होती, आणि मांजर त्यात पुरावा म्हणून दाखल झालं होतं. आईच्या बाबतीत तिचं म्हणणं शंभर टक्के न्याय्य होतं. फक्त न्याय मागायचा पत्ता चुकला होता.

त्या भेटीनंतर दोन दिवसांनी तिने त्या नंबरवर फोन केला. बोक्याचं नाव ऑस्कर. पाच वर्षांचा, नसबंदी केलेला, लघवीत खडे होण्याचा त्रास. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा गाळ अडकून लघवी पूर्ण तुंबली, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. त्याला दोनदा दवाखान्यात ठेवून नळी घालावी लागली होती. डॉक्टरांनी फक्त खास खाणं सांगितलं होतं, खनिजं मोजून दिलेलं. घरात तो ते खात नव्हता आणि आजार पुन्हा पुन्हा उलटत होता. जोडपं डॉक्टर बदलायच्या विचारात होतं. तो रात्री दोन वाजता कुठेतरी सुकट खातोय, हे त्यांना कुठून कळणार?

वैशाली मला हे सांगताना रडली. मी तिला रडू दिलं. मात्र "मी त्याला मारलं असतं" हे वाक्य मी तिला तिसऱ्यांदा म्हणू दिलं नाही. पश्चात्ताप एकदा पुरतो, मग त्याचाही हट्ट होतो.

आता ज्यांनी हाच प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी थोडं सरळ बोलते.

मांजर सात घरं फिरतं असं आपण म्हणतोच. ते तुमच्याकडे येतं याचा अर्थ त्याने तुम्हाला निवडलं असा होत नाही. त्याला तुमच्या खिडकीतलं ऊन आवडत असेल, तुमच्या घरात लहान मूल नसेल, किंवा तुमच्याकडे सुकट असेल. तुम्हाला त्याच्या दिवसाचा अर्धा भाग दिसतो, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल तुम्ही निकाल देऊन मोकळे होता. "भुकेलं येतं" हा तर पुरावाच नव्हे. भरपेट जेवलेलं मांजरही समोर बशी दिसली की उपाशी असल्याचं नाटक उत्तम करतं.

विचारल्याशिवाय खायला घालू नका, दूध तर नाहीच. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, तरी आपल्याकडे मांजर म्हटलं की दुधाची वाटी पुढे येते. मालक कोण हे ठाऊक नसेल, तर त्या जोडप्याने केलं तेच करा. सैलसर कागदी पट्टी, दोन ओळी, नंबर. उत्तर आलं तर बोला, आणि आरोपाने सुरुवात करू नका. "तुमचं मांजर आमच्याकडे येतं, चालेल ना? काही पथ्य आहे का?" एवढ्यावर पुण्यातसुद्धा कुणी भांडत नाही.

मीच ठरवलेली एक कसोटी आहे, मला तिचा थोडा अभिमानही आहे : दार उघडं ठेवून जेवढं करता येईल तेवढंच करा. शेजारी जिन्यातून बघत असताना मांजराच्या पाठीवरून हात फिरवाल? फिरवा. त्याच्या गळ्यातला पट्टा कापाल? नाही ना. मग त्यांच्या माघारीही नको.

ठेवून घ्यावं असं मांजर असतं का? असतं. कर्वेनगर, कोथरूडच्या मुलामुलींच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात परीक्षा संपतात, मुलं गावी जातात आणि मांजर जिन्यात उरतं. अशा एका मांजरीला घरात घेणाऱ्या आजोबांना मी एका शब्दाने अडवलं नाही. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तिथे चूक सोडणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नव्हे. तरी आजोबांनी आधी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, दवाखान्यात नेऊन कातडीखाली मालकाची ओळख पटवणारी चिप आहे का तपासून घेतलं, घरमालकाकडून मुलांचा नंबर मिळवून विचारलं, आणि त्यांनी "ठेवा काका" म्हटल्यावर महापालिकेत नोंदणी केली. लपवण्यासारखं त्यात काही उरलंच नाही. मांजराला खरोखर जखमा आहेत, मारहाण होतेय असं दिसलं, तर गुपचूप उचलून आणण्यापेक्षा तक्रार करा. उचलून आणलेलं मांजर परत जाऊ शकतं आणि मग तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

वैशालीला अजूनही दोन वाजता जाग येते, पण रोज नाही. भावाला तिने लांबलचक पत्र लिहिलं. ते पाठवायचं की नाही हे तिचं ठरायचंय आणि मी त्यात पडत नाही. ऑस्करचं दुपारचं खाणं आता तिच्याकडे असतं, जोडप्याने वजन करून दिलेल्या पुड्यांतून. सुकटीचा डबा तिने घासून त्यात रवा भरला. ती त्याला अजून सोनीच म्हणते, फक्त "आला का रे सोनी" असं.

शेवटच्या भेटीत ती उठली, चपला घातल्या आणि दाराशी थांबली. मला हसू आलं.

"काही विचारायचं नाही, सांगायचंय," ती म्हणाली. "बुधवारी त्याला तपासणीला मीच नेलं. त्यांना सुट्टी नव्हती. तिथे फॉर्म भरायला दिला. मालकाचं नाव या रकान्यात मी त्यांचं लिहिलं."

"बरं."

"मग खाली जागा होती थोडी. रकाना नव्हता तसा. मी आपली रेघ मारली आणि लिहिलं, 'सोबत आलेली : वैशाली'."