सी मध्ये टर्मिनलवर 'म' दाबला की तीन आकडे का मिळतात?

तुमचं म्हणणं असं की एनकर्सेसच्या (टर्मिनलवर पडदा रंगवणारी सी ची लायब्ररी) खिडकीत 'म' दाबला की गेटसीएच हे कळ वाचणारं फंक्शन २२४, १६४, १७४ असे तीन आकडे देतं, आणि ते जोडून अक्षर कसं बनवायचं हे तुम्हाला हवंय.

स्वतः जोडत बसू नका. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि गेटसीएच एका वेळी एकच बाइट हातात देतं. त्याऐवजी पूर्ण चिन्ह वाचणारं गेट_डब्ल्यूसीएच वापरा, म्हणजे थेट २३५० मिळेल. तोच 'म'चा युनिकोड क्रमांक. मात्र त्याआधी, एनकर्सेस सुरू करणाऱ्या इनिटस्क्रच्याही आधी, सेटलोकेलला एलसी_ऑल आणि रिकामी स्ट्रिंग देऊन बोलवा. सी चा प्रोग्रॅम सुरू होतो तो 'सी' नावाच्या लोकेलमध्ये (भाषा आणि अक्षरांच्या सेटिंगमध्ये), आणि त्या लोकेलला देवनागरी कळत नाही. एनकर्सेसच्या हेडरच्या वर एनकर्सेस_वाइडचार १ असं डिफाइन करा आणि एनकर्सेसडब्ल्यू लायब्ररी लिंक करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेट_डब्ल्यूसीएच अक्षर परत करत नाही. ते तुम्ही पत्ता दिलेल्या विंट_टी प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. परत येतो तो निकाल: साधं अक्षर असेल तर ओके, बाण किंवा फंक्शन की असेल तर की_कोड_येस, काहीच मिळालं नाही तर एरर. हा निकाल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. उजव्या बाणाचा कोड २६१ आहे आणि पोलिश भाषेतल्या 'ą' या अक्षराचा युनिकोड क्रमांकही २६१च! नुसता आकडा बघितलात तर कुणी ते अक्षर टाइप केलं की कर्सर उजवीकडे सरकेल. बाण ओळखू यावेत म्हणून कीपॅड हे एनकर्सेसचं सेटिंग चालू ठेवा. बॅकस्पेस मात्र दोन्ही वाटांनी येऊ शकतो, की_कोड_येसबरोबर किंवा ओकेबरोबर १२७ किंवा ८ होऊन. तिन्ही धरा.

एवढं केल्यावरही 'स्त्री' एका झटक्यात मिळणार नाही. स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हं सहा वेळा येतील, आणि हलन्ताला पडद्यावर स्वतःची जागा नसते. म्हणून प्रत्येक चिन्ह आल्या आल्या छापू नका. सगळी ओळ डब्ल्यूचार_टी (रुंद अक्षराचा प्रकार) च्या अॅरेत ठेवा आणि दर वेळी पूर्ण ओळ पुन्हा काढा.

माझं मत विचाराल तर बॅकस्पेसने एकच चिन्ह पुसावं, कारण मराठी लिहिताना बहुतेकदा चुकते ती वेलांटी, पूर्ण जोडाक्षर नव्हे. बाणाने मात्र अख्खं अक्षर ओलांडावं: पुढचं चिन्ह मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल, किंवा मागचं हलन्त असेल, तर कर्सर तिथे थांबवू नका.