खुर्च्या अस्सल की नकली हे नंतर, आधी तारीख

प्रश्न : मुंबईच्या एका विक्रेत्याकडून घरासाठी सहा खुर्च्या 2 लाख 40 हजारांना घेतल्या. 'चंदीगडच्या सरकारी कचेरीतल्या, वास्तुकार पिएर जानरे यांच्या डिझाइनच्या, 1955-60 च्या ओरिजिनल' असं त्याने पैसे घेण्याआधी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. बिलावर मात्र 'चंदीगड स्टाइल, सागवान' एवढंच आहे. वेत विणायला आलेला कारागीर म्हणाला, या नव्या आहेत. विक्रेता वर्षभर 'बघतो, बदलून देतो' म्हणतोय. काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जुनं म्हणून नवं गळ्यात मारल्याची पत्रं मला नेहमी येतात. तुम्ही खुर्चीच्या पायांवर दोन पानं लिहिलीत आणि खरेदीची तारीख शेवटच्या ओळीत. खरेदीला 22 महिने झालेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागते. तुमच्या प्रकरणात सगळं इथेच ठरणार आहे.

नकली असल्याचं कळलं त्या दिवसापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येईल. पण त्याच्या भरवशावर राहू नका, खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. विक्रेत्याच्या 'बघतो'ने मुदत वाढत नाही. पुरेसं कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण दुकानदार आज-उद्या करत होता हे कारण सहसा टिकत नाही. वर्षभर तुम्ही एकही नोटीस पाठवली नाही, हे मला खरंच समजलं नाही.

आता पुरावा. या खुर्च्यांची ओळख असलेले इंग्रजी व्हीसारखे पाय कुणीही करतं, पाठीमागे रंगवलेले सरकारी खात्याचे नंबरही आज रंगवता येतात. उलट अस्सल खुर्च्याही वेगवेगळ्या कारखान्यांत हाताने बनल्या, त्यामुळे माप थोडं चुकलं म्हणून खुर्ची नकली ठरत नाही. कारागिराचं तोंडी मत पुरेसं नाही. जुन्या फर्निचरच्या जाणकाराचा लेखी अहवाल घ्या. लाकडाची झीज, सांधे, बैठकीखालची बाजू त्यालाच नीट वाचता येते. दोन खुर्च्या तुम्ही पॉलिश करून घेतल्यात, म्हणजे पुरावाच घासून टाकलात. उरलेल्या चारांना हात लावू नका.

बिलावरच्या 'स्टाइल' शब्दामागे विक्रेता लपेल. म्हणून व्हॉट्सॲपचा तो संदेश तुमचा मुख्य आधार आहे. माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हे माल विक्री कायदा 1930 चं कलम 15 सांगतं. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. चॅटसारखा इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य धरला जावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून तयार करून घ्या.

मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. फसवणुकीचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम 318) नोंदला जाईल का, हे सांगणं कठीण. सुरुवातीपासूनचा हेतू दाखवावा लागतो.

कायद्यात निकालाला 3 महिने, तपासणी लागली तर 5 महिने लिहिलेत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणसं थकून जातात, याचा मला संताप येतो. तरी दाखल करा.

नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा. माल कुठल्या सरकारी लिलावातून आला त्याची पावती मागा, 15 दिवस द्या. उत्तर येवो न येवो, सोळाव्या दिवशी तक्रारीचा मसुदा वकिलाच्या टेबलावर हवा.